पितळी व्हॉल्व्हच्या पोटातून पाणी कसं जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. छतावरच्या टाकीतून येणाऱ्या अर्ध्या इंचाच्या लाइनवरचा जुना गेट व्हॉल्व्ह (आतली पाचर वर-खाली करून वाट उघडणारा) अडकला, म्हणून तो काढून त्याच मापाचा, हाताला चांगला जड लागणारा नवा पितळी व्हॉल्व्ह बसवला. चाक फिरवून बंद करायचा, बॉडीवर बाण असलेला. टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ३ मीटर उंचीवर आहे. पूर्वी १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरायची, आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही एक मिनिट उलटून जातो. नळ बंद असताना गेजवर दाब मात्र पूर्वीइतकाच दिसतो. मग पितळ हलक्या दर्जाचं आहे का? बॉडी आतून खडबडीत असेल का? आणि मुळात या बॉडीतून पाणी जातं तरी कसं?

पितळी व्हॉल्व्हच्या फोर्जिंगपासून टेस्टिंगपर्यंतच्या कामात माझी जवळपास तीस वर्षं गेली. हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी संशय पितळावर असतो. तुमच्या बाबतीत पितळाचा दोष नाही. पाण्याला धातू कळत नाही, वाट कळते. त्या वाटेत किती वळणं आहेत, ती कुठे आवळते आणि आवळल्यावर कशी मोकळी होते, यावर सगळं ठरतं. धातूचं काम वेगळं आहे: ती वाट पाच-दहा वर्षांनंतरही तशीच राहील की नाही, हे तो ठरवतो. त्याकडे शेवटी येतो.

आधी खडबडीतपणाचा हिशोब करून टाकू. १५ लिटर ५० सेकंदांत म्हणजे सेकंदाला ०.३ लिटर. १५ मिलिमीटरच्या बोअरमधून, म्हणजे आतल्या भोकातून, एवढं पाणी जायचं तर त्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर पडतो. या वेगाला पाणी संथ थरांनी वाहत नाही, ते घुसळत जातं. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की घुसळणारा हे सांगणारा आकडा, २५ हजारांच्या आसपास येतो आणि पाइपात साधारण २ हजारांच्या पुढे प्रवाह शांत राहत नाही. आता व्हॉल्व्हची बॉडी असते जेमतेम पाच सेंटीमीटर लांब. एवढ्या अंतरात भिंतीच्या घर्षणाने जाणारा दाब दीड-दोन सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका. आतून आरशासारखी घासलेली बॉडी आणि साधी ड्रिल मारलेली बॉडी यांच्यातला फरक सेंटीमीटरभरही निघत नाही. तीन मीटरच्या टाकीपुढे हे नगण्य आहे.

गेज दाब तोच का दाखवतो? कारण पाणी उभं आहे. उभ्या पाण्याला वाटेतल्या अडचणींशी काही देणंघेणं नसतं. सुईएवढ्या भोकातूनसुद्धा पलीकडचा दाब हळूहळू पूर्ण भरतो. पाणी धावू लागलं की तूट सुरू होते आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर तूट चौपट. म्हणून व्हॉल्व्ह तपासायचा तर नळ सोडून गेज बघायचा. बंद नळावरचं रीडिंग फक्त टाकीची उंची सांगतं.

आता आत शिरू. तुमच्या वर्णनावरून नवा व्हॉल्व्ह ग्लोब जातीचा आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

असा व्हॉल्व्ह लांबीत मधोमध कापला की आत एक आडवी-तिरकी भिंत दिसते. तिच्यामुळे बॉडीचे दोन कप्पे झालेले असतात. या भिंतीत वर तोंड करून एक गोल भोक असतं, ते म्हणजे सीट. पाणी एका टोकाने सरळ येतं, भिंतीला अडतं, काटकोनात वर वळतं आणि सीटमधून उसळतं. वर वॉशर लावलेली चकती असते. तिच्यावर आपटून ते चहूबाजूंना छत्रीसारखं फाकतं, मग वरच्या कप्प्यात गोळा होतं, खाली वळतं आणि पुन्हा आडवं होऊन बाहेर पडतं. पाच सेंटीमीटरच्या प्रवासात दोन मोठी वळणं, एक आवळणं, एक फाकणं आणि पुन्हा एकत्र येणं.

यातलं प्रत्येक पाऊल दाब खातं, पण सारखा खात नाही. अरुंद जागेत शिरायला पाणी फारशी तक्रार करत नाही, विशेषतः तोंडाची धार थोडी गोलसर असेल तर. खरं नुकसान पुढे होतं. आवळून वेगात आलेलं पाणी अचानक मोठ्या कप्प्यात शिरतं, तेव्हा ते भिंतीला धरून पसरू शकत नाही. मधोमध झोत पुढे जातो आणि भोवती भोवरे फिरत राहतात. झोताची ताकद त्या भोवऱ्यांना फिरवण्यात खर्ची पडते. तिची शेवटी नगण्य उष्णता होते आणि ती दाब म्हणून परत मिळत नाही. आवळल्यावर हळूहळू रुंद होत जाणारी वाट दिली, तर बराच दाब परत मिळतो. पण छोट्या बॉडीत तेवढी लांबी नसते.

आकड्यांत सांगतो. व्हॉल्व्हची तूट मोजायला एक गुणांक वापरतात. पाण्याच्या वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व त्वरण, या उंचीला त्याने गुणायचं. आपल्या १.७ मीटरच्या वेगाला ही उंची सुमारे १५ सेंटीमीटर येते. पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा गुणांक ०.२ च्या आसपास असतो, म्हणजे तूट ३ सेंटीमीटर. ग्लोबचा गुणांक १० च्या आसपास धरतात, म्हणजे तूट जवळजवळ दीड मीटर. दोन्ही व्हॉल्व्ह पितळी, दोन्ही अर्धा इंची, दोन्ही पूर्ण उघडे, आणि फरक पन्नास पट.

तुमच्याकडे एकूण भांडवल तीन मीटरचं. पूर्वी ते सगळं पाइप, एल्बो आणि नळ यांत खर्च होऊन ०.३ लिटर मिळत होतं. आता वाटेत एक मोठा खर्च वाढला. प्रवाह कमी होतो आणि वेग उतरल्यामुळे सगळ्याच तुटी थोड्या उतरतात. मग नवा समतोल जिथे जमतो तो आकडा येतो सेकंदाला सुमारे ०.२५ लिटर. १५ लिटरला ६१ सेकंद. तुम्ही लिहिलेला वेळ हाच आहे. या अवस्थेत तीन मीटरपैकी साधारण एक मीटर तो एकटा व्हॉल्व्ह खातो. हीच लाइन चार बारच्या पंपावर असती, तर तुम्हाला कदाचित फरक जाणवलाही नसता, कारण तिथे भांडवल ४० मीटरचं असतं. कमी उंचीच्या टाकीवर व्हॉल्व्हची जात फार जपून निवडावी लागते, हे मी इतक्या वेळा सांगतो ते यासाठीच.

ग्लोबबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. चाक भराभर शेवटपर्यंत उघडून फायदा होईल असं वाटतं, पण होत नाही. चकती वर उचलली की पाण्याला जायला सीटच्या कडेभोवती एक गोल पट्टी मिळते. तिचं क्षेत्रफळ सीटच्या भोकाइतकं व्हायला चकती सीटच्या व्यासाच्या फक्त पाव भाग उचलावी लागते. १२ मिलिमीटरची सीट असेल तर ३ मिलिमीटर. म्हणजे चाकाच्या साधारण दोन फेऱ्या. त्यापुढे उघडून पाणी थोडंफार वाढेल, फार नाही. उलट शेवटपर्यंत उघडून कचकन आवळलेला स्पिंडल (चाकाचा दांडा) वर्षभराने तिथेच धरतो. शेवटाला पोचल्यावर पाव फेरी मागे घेऊन ठेवा.

आणि बाण. पाणी सीटच्या खालून वर यावं, यासाठी तो असतो. उलटा बसवला तर पाणी चकतीच्या डोक्यावर येतं आणि तिला खाली दाबतं. चकती स्पिंडलला सैल अडकवलेली असेल तर ती सीटवर बसूनच राहते. चाक उघडतं, पाणी येत नाही. थोडीशी उचललेली असेल तर थरथरते आणि लाइनभर घरघर ऐकू येते. शिवाय व्हॉल्व्ह बंद असतानाही ग्लँडवर, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगवर, दाब राहतो आणि तिथून थेंब गळू लागतो.

इथे मला आमच्या कामातली एक चूक सांगायलाच हवी. फोर्जिंगच्या, म्हणजे तापवून डायमध्ये (साच्यात) दाबून घडवलेल्या, ग्लोब बॉडीत आतली वाट डायमधून येत नाही, ती ड्रिलने पाडावी लागते. ओतीव बॉडीत हे काम कोअर, म्हणजे साच्यात ठेवलेला गाभा, करतो. दोन्ही टोकांकडून तिरकं ड्रिल घालायचं. एक सीटच्या खाली निघतं, दुसरं वरच्या कप्प्यात. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका लॉटमध्ये खालचं ड्रिल दोन-तीन मिलिमीटर आखूड जात होतं. स्टॉपर सरकलेला कोणाच्या लक्षात आला नाही. सीटखालची खिडकी गोल होण्याऐवजी अर्धचंद्र झाली. प्रत्येक नग टेस्टिंगला पास. कारण आपण प्रत्येक व्हॉल्व्हची गळती तपासतो: बॉडीला रेट केलेल्या दाबाच्या दीडपट, सीटला १.१ पट. पाणी किती जातं, हे प्रत्येक नगावर कोणी बघत नाही, ते डिझाइनच्या नमुन्यावर एकदा बघतात. तक्रारी आल्यावर एक बॉडी कापली आणि ती अर्धी खिडकी डोळ्यांनी पाहिली. तिच्या कडेला ड्रिल बाहेर पडतानाची पितळाची बर (कापताना उरलेली धारदार कड) तशीच उभी होती, नखाला टोचेल अशी. तेव्हापासून माझ्या हाताखालचा प्रत्येक माणूस पहिल्या नगात बॅटरीचा उजेड टाकून खिडकी बघितल्याशिवाय पुढचा नग लावत नाही. तुम्हीही लाइन बंद करून वरचं मुंडकं उघडा आणि सीटमधून आत बघा. भोक पूर्ण दिसलं पाहिजे.

मग बॉल व्हॉल्व्ह (आत आरपार भोकाचा गोळा पाव फेरी फिरतो तो) लावला की प्रश्न सुटला का? बहुतेक सुटतो, पण बॉल व्हॉल्व्हमध्येही दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या सहज ओळखू येत नाहीत. अर्धा इंच हे माप आट्यांचं आहे, बोअरचं नव्हे. फुल बोअर बॉलमध्ये भोक १५ मिलिमीटर असतं. पाणी जणू पाइपाच्या तुकड्यातून गेल्यासारखं सरळ निघून जातं आणि तूट दोन-चार सेंटीमीटर. रिड्यूस्ड बोअरमध्ये तेच भोक १० मिलिमीटर असतं. व्यास एक तृतीयांशाने घटला, पण क्षेत्रफळ उरतं ४४ टक्के आणि तिथे वेग सव्वादोन पट होतो, म्हणजे ३.८ मीटर. ०.३ लिटरला आत शिरताना सुमारे २० आणि बाहेर फाकताना सुमारे २३, अशी मिळून ४३ सेंटीमीटर तूट होते. ग्लोबपेक्षा खूपच कमी, तरी तीन मीटरच्या टाकीचा सातवा हिस्सा. तुमच्या लाइनवर तो लावला तर बादली अंदाजे ५३ सेकंदांत भरेल. विकत घेताना हँडल उघडं करून आरपार बघा आणि पट्टीने भोक मोजा. वजन बघू नका. जड बॉडी दाब सोसायला चांगली असते, पाणी सोडण्याशी तिचा संबंध नाही.

कॅटलॉगमध्ये केव्ही नावाचा आकडा असेल तर तो बघायची सवय लावा. १ बार दाब खर्च करून तासाला किती घनमीटर पाणी जाईल, तो हा आकडा. त्यावरून पुढचा हिशोब सोपा: प्रवाहाला केव्हीने भागायचं, वर्ग करायचा, की पाण्यासाठी तूट बारमध्ये मिळते. तुमचा पूर्वीचा प्रवाह तासाला १.०८ घनमीटर. केव्ही २.८५ असलेल्या ग्लोबला ०.१४ बार, म्हणजे तोच दीड मीटर. अमेरिकन कॅटलॉगमध्ये सीव्ही लिहिलेलं असतं, त्याला १.१५६ ने भागलं की केव्ही येतो.

बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करायची सवय मात्र सोडा. हँडल ४५ अंशांवर असताना आतलं भोक तिरकं उभं असतं. पाणी आधी पुढच्या सीटपाशी एका बारीक फटीतून घुसतं, बॉलच्या पोकळीतून तिरकं धावतं आणि मागच्या सीटपाशी पुन्हा तसल्याच फटीतून निसटतं. दोन्ही फटी दोन चंद्रकोरी जोडल्यासारख्या, टोकांना निमुळत्या. तिथे वेग प्रचंड वाढतो. चार बारचा दाब पूर्णपणे वेगात बदलला तर तो सेकंदाला २८ मीटर भरतो. सीट पीटीएफईची (टेफ्लॉनची) असते आणि हा पदार्थ मऊ असतो, दाबाखाली सावकाश सरकतो. वर्ष-दोन वर्षं अर्धवट ठेवलेला व्हॉल्व्ह मी उघडतो, तेव्हा मागच्या सीटच्या काठावर एका बाजूलाच कोरलेली घळ दिसते, बोटाच्या नखाच्या आकाराची. त्यानंतर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी थेंब सुटतोच. मग लोक हँडलवर पाइप घालून आवळतात आणि स्पिंडल पिळतात.

गेट व्हॉल्व्हही अर्धवट ठेवू नये. त्याची पाचर प्रवाहात लटकून ठकठकते आणि आपलीच सीट झिजवते. पाणी नेमकं आवरायचं असेल तर ग्लोब किंवा नीडल (सुईसारख्या टोकाचा) व्हॉल्व्ह. तिथे ग्लोबची तीच वळणदार वाट गुण ठरते.

फटीतून वेगाने जाणाऱ्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. वेग वाढतो तिथे दाब पडतो आणि सगळ्यात कमी दाब फटीच्या किंचित पुढे असतो, जिथे झोत सर्वांत बारीक झालेला असतो. धारदार गोल भोकातून निघालेला झोत भोकाच्या जेमतेम ६२ टक्के क्षेत्रफळाचा उरतो. तिथला दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली गेला तर पाणी थंड असूनही उकळतं, बुडबुडे होतात आणि पुढे दाब परत वाढला की ते फुटतात. फुटताना भिंतीजवळ असले तर धातूचे कण उडवतात. वाळू वाहत असल्यासारखी खरखर ऐकू आली तर हे चाललंय असं समजा. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ०.०२३ बार असतो, ८० अंशांना जवळजवळ ०.४७ बार. म्हणून गरम पाण्याच्या लाइनवर हे लवकर सुरू होतं. विचित्र वाटेल, पण बॉल व्हॉल्व्ह इथे ग्लोबपेक्षा नाजूक. त्याची वाट सरळ असल्यामुळे मागे दाब चांगला परत मिळतो, म्हणजेच मागच्या त्याच दाबासाठी मधली घसरण जास्त खोल जाते. तुमच्या तीन मीटरच्या टाकीवर मात्र ही भीती नाही.

बॉल व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यावर लाइनमध्ये जो धक्का बसतो, तो मात्र कमी उंचीच्या टाकीवरही बसू शकतो. १.४ मीटर वेगाचं पाणी धातूच्या पाइपात क्षणात थांबवलं तर दाब १६-१७ बारने उसळतो, कारण त्या धक्क्याची लाट पाइपात सेकंदाला सुमारे १२०० मीटर धावते. हाताने एवढ्या क्षणात कोणी बंद करत नाही हे खरं. पण बॉल व्हॉल्व्हच्या पाव फेरीतल्या सुरुवातीच्या मोठ्या भागात प्रवाह फारसा कमी होत नाही, तो शेवटच्या थोड्या अंशांत तुटतो. म्हणून हँडल सावकाश फिरवलं असं वाटलं तरी पाण्यासाठी ते अचानकच असतं. शेवटचा टप्पा मुद्दाम हळू घ्या. पितळी बॉडी हा मार सोसते, पण मागचे प्लास्टिकचे जोड आणि लवचिक नळ्या सोसतीलच असं नाही.

आता पितळ. घडाईच्या व्हॉल्व्हचं नेहमीचं पितळ म्हणजे ५७ ते ५९ टक्के तांबं, सुमारे दोन टक्के शिसं आणि बाकी जस्त. शिशामुळे चिप तुटून पडते, ड्रिल साफ चालतं. पण जस्त एवढं जास्त असलं की काही पाण्यांत, विशेषतः क्लोराइड जास्त असलेल्या आणि कोमट पाण्यात, जस्त मिश्रधातूतून निघून जातं. मागे उरतं ते लालसर, सच्छिद्र, ठिसूळ तांबं. निघालेल्या जस्ताचा पांढरा फेसाळ थर कधीकधी बोअरमध्येच साचतो आणि वाट बुजवतो. आत पांढरी फुगीर पुटं आणि त्यांच्याखाली गुलाबी धातू दिसला तर तो व्हॉल्व्ह साफ करून परत लावू नका, बदला. अशा पाण्यासाठी ०.०२ ते ०.१५ टक्के आर्सेनिक घातलेलं डीझेडआर, म्हणजे जस्त निघून जाण्याला विरोध करणारं, पितळ वापरतात. त्यात तांबं ६१ ते ६३ टक्के असतं आणि जस्त धरून ठेवलं जातं. बॉडीवर बहुधा सीआर किंवा डीझेडआर असं कोरलेलं असतं.

तुमच्यासाठी काम एवढंच. ग्लोब काढून फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह बसवा. बसवण्याआधी पाइपाची दोन्ही टोकं बोट फिरवून तपासा. चाकाच्या कटरने कापलेल्या पाइपाला आतल्या बाजूला बर येते. ती चहूबाजूंनी एक मिलिमीटर असली तर १५ चं भोक १३ होतं आणि पाव क्षेत्रफळ जातं. कानस किंवा रीमरने ती काढा. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा, म्हणजे त्याचे धागे आत लोंबणार नाहीत. आवळताना पाना त्याच टोकाच्या षटकोनावर धरा ज्यात पाइप जातोय, पलीकडच्या टोकावर नको. दोन तुकड्यांची बॉडी मधल्या जोडावर पिळली जाते. मग तीच बादली पुन्हा घड्याळ लावून भरा. ५० सेकंदांच्या आसपास वेळ यायला हवा. ५५ च्या वर राहिला तर व्हॉल्व्ह सोडून द्या आणि टाकीच्या बुडाशी असलेली जाळी उघडून बघा.